अल हिलालची हरळी

आमच्या कंपाउंडच्या ऑफिसात एक कंप्लेंट रजिस्टर आहे. एसीतून पाणी गळतं, गेटचा रिमोट चालत नाही, शेजारच्यांची मांजर आमच्या गाडीवर बसते, असं सगळं त्यात तारखेनिशी लिहिलेलं असतं. पुढे ‘काय कारवाई केली’ असा रकानाही असतो. किश्शांसाठी मात्र रजिस्टर नाही. ते नुसते साठत जातात आणि चार ओळखीची माणसं चहाला बसली की एकामागोमाग एक बाहेर पडतात. माझ्याकडे नऊ वर्षांचा साठा आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातले निम्मे एकाच माणसाचे आहेत!

मी जेनेट, मूळची वसईची. दोह्यात अल हिलालला चौदा व्हिलांचं एक कंपाउंड आहे, त्याचं ऑफिस सांभाळते. मधोमध मोठं लॉन आहे. मालक अबू नासिर, सत्तरीचे कतारी गृहस्थ, कोपऱ्यातल्या व्हिलात राहतात. त्यांच्या वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, त्यामुळे हिंदी बोलतात, आणि माझ्यापेक्षा बरी बोलतात. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो.

मागच्या जानेवारीत एक कागद माझ्या टेबलावर आला. हे लॉन काढून तिथे प्लास्टिकचं गवत टाकायचं की नाही, त्याचा. लॉन गेलं की माळी कशाला हवा? म्हणजे आमचे तात्याही गेले. वय सत्तावन्न, दुसरीकडे कोण घेणार? सरळ गावाकडचं विमान. त्या कागदाचं काय झालं ते सांगतेच, पण तात्या कोण ते कळल्याशिवाय त्यात मजा नाही.

* * *

तात्यांचं पूर्ण नाव सर्जेराव जाधव, गाव माण तालुक्यात. कतारला आले ते गवंडी म्हणून. दोह्यातल्या मुशैरिब भागातल्या इमारतींचं काम संपलं तेव्हा कंपनीने माणसं इकडेतिकडे वाटली, त्यात तात्या आमच्या वाट्याला आले, माळी म्हणून. “शेतकरी आहेस ना? मग झालं!” एवढीच मुलाखत.

पहिल्या दिवशी मी त्यांना लॉन दाखवलं. “तात्या, तण तेवढं काढा,” म्हटलं आणि ऑफिसात जाऊन बसले. दुपारी चारला बाहेर येऊन पाहते तो काय! पूर्वेचा कोपरा उघडाबोडका. खोलीएवढा चौकोन, माती भुसभुशीत, गवताची काडी दिसेल तर शपथ. शेजारी उपटलेल्या लॉनचा ढीग, आणि तात्या घाम पुसत उभे. शाबासकीची वाट पाहत होते!

“तात्या, हे काय केलंत?”

“हरळी काढली की, ताई. लई खोल ग्येलीया. मुळी ऱ्हायली तर परत फुटती, म्हनून हातभर खणून काढली.”

इथे जिला बर्म्युडा ग्रास म्हणतात आणि जिच्यासाठी टँकरने पाणी आणतात, ती गावाकडची हरळीच. या माणसाने जन्मभर रानातून तिला खुरप्याने हाकललं होतं. इथे तिचे लाड करायचे असतात, हे त्यांना सांगायला हवं होतं मी. मला तरी कुठे माहीत होतं? पप्पांची वसईला केळीची वाडी होती, तेवढ्यावर मी झाडापानांत स्वतःला शहाणी समजत होते.

बरं, सगळंच उपटलं होतं असंही नाही. मधूनमधून घोळीची रोपं नीट राखली होती. “भाजी हाय ती,” तात्या म्हणाले.

तेवढ्यात बाबा आले.  बाबांनी चौकोन पाहिला, ढीग पाहिला, तात्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग वाकून घोळीचा एक शेंडा खुडला आणि तोंडात टाकला. घोळ इकडची माणसंही आवडीने खातात, हे मला त्या दिवशी कळलं.

“जेनेट,” चावता चावता बाबा म्हणाले, “घास निकालो, भाजी निकालो, जो चाहे निकालो. इस आदमी को मत निकालना!”

महिनाभरात तो कोपरा आपोआप हिरवा झाला. मी तात्यांना शाबासकी द्यायला गेले, तर ते आपलं हिरमुसलेले. “म्या म्हनलं न्हवतं? कुठंतरी मुळी ऱ्हायलीच!”

* * *

फादी हा आमचा मेंटेनन्स इंजिनिअर. लेबनॉनचा, तरुण, हुशार, काही बिघडलं की ज्याला घास गिळवत नाही असा. त्याने एकदा मातीतला ओलावा मोजायचं मीटर आणलं. लॉनमध्ये वीस ठिकाणी खुपसलं, वीस आकडे लिहिले आणि सगळं उत्तम असल्याचं जाहीर केलं.

तात्यांची पद्धत वेगळी. ते सेफ्टी शूज काढायचे, पायाचा अंगठा मातीत रुतवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. माती ना चिखल ना कोरडी अशी बरोबर जमली की त्याला ते वाफसा म्हणत. वाफसा असेल तर काम, नसेल तर नाही. फादीच्या विसाव्या आकड्यापाशी तात्या थांबले आणि मान हलवली.

“हितं खाली पानी हाय. पाइप फुटलाय.”

मी भाषांतर केलं. फादीने मीटर दाखवलं, नॉर्मल! तात्यांनी काही वाद घातला नाही. फावडं आणलं आणि खणलं. दीड फुटावर पाइपला बारीक चीर होती, त्यातून पाणी झिरपत होतं.

दुसरा कोणी इंजिनिअर असता तर रागावला असता. फादी दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन तात्यांच्या शेजारी शूज काढून उभा राहिला. खिशातून वही काढली आणि मला म्हणाला, “मॅडम, प्लीज विचारा त्यांना. उजवा अंगठा की डावा?”

* * *

अनघा कुलकर्णी, तिचा नवरा आणि सात वर्षांची ओवी पुण्याहून आमच्या सहा नंबरच्या व्हिलात राहायला आले, तेव्हाची गोष्ट. अनघाला इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी. पहिल्याच दुपारी बाबांच्या घरून मोठं पातेलं आलं, चिकन घातलेला भात. अनघाने चाचरत सांगितलं की आम्ही शाकाहारी. दुसऱ्या दिवशी छोले घातलेला भात आला. तिसऱ्या दिवशी भाज्या घातलेला, वर काजू-बेदाणे, सोबत खजूर.

चौथ्या दिवशी अनघाने ताटंवाट्या मांडून ठेवल्या. एक वाजला, दोन वाजले. ओवी दर पाच मिनिटांनी दारात जाऊन यायची. “मॉम, आर दे लेट टुडे?” अडीच वाजता अनघाचा मला फोन. आधी एसीबद्दल बोलली, मग गेटबद्दल, आणि शेवटी हळूच, “बाबांची तब्येत बरी आहे ना हो?”

मी बाबांच्या ड्रायव्हरला विचारलं. तो हसायलाच लागला. म्हणाला, या घराची जुनी रीत आहे. माणूस तीन दिवस पाहुणा, चौथ्या दिवसापासून घरचा. घरच्याने आपली चूल पेटवावी!

अनघा लाजली, हसली, आणि खिचडी टाकली. संध्याकाळी त्यातलीच भांडंभर बाबांकडे पाठवली. भांडं परत आलं ते खजूर भरून, आणि ड्रायव्हरच्या तोंडी निरोप: “नमक कम है. अब घर के हो, इसलिए बोला!”

तात्यांना मी हे सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. त्यांनाही पहिले तीन दिवस बाबांकडून जेवण आलं होतं. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःहून डबा आणला होता. “येवढं तर कळतंच की, ताई,” म्हणाले.

* * *

मी ख्रिस्ती बाई. गणपतीला दूर्वा लागतात एवढं वसईत शेजारीपाजारी पाहून माहीत होतं. अनघा आली त्या वर्षी तिने दूर्वा मागितल्या, म्हणजे आमची हरळीच, आणि मी मोठ्या मनाने गवत कापायच्या मोवरखालचं कापलेलं गवत पिशवीभर दाबून तिला नेऊन दिलं. अनघा बिचारी सभ्य. “अय्या, एवढ्या!” म्हणाली फक्त.

तात्यांनी ती पिशवी पाहिली मात्र!

“ताई, द्येवाला कडबा घालताय व्हय?”

मग त्यांनी मला लॉनमध्ये बसवून शिकवलं. तीन पात्यांचा कोवळा शेंडा हवा, तुटलेला नको, एकवीसची जुडी. अनघा आली, तिच्या ओळखीच्या तिघीचौघी आल्या, ओवी आली. सप्टेंबरातला दमट उन्हाळा, आणि आम्ही सगळ्या गुडघ्यांवर बसून, नाक जमिनीला लावून एकेक शेंडा बघतोय.

बाबा गाडीतून उतरले आणि थबकले. एवढ्या बायका जमिनीवर काय शोधतायत? नक्कीच कोणाची तरी अंगठी हरवली! त्यांनी काही विचारलं नाही. ड्रायव्हरला हाक मारली, स्वतः पांढऱ्याशुभ्र थोबचा, म्हणजे त्यांच्या लांब झग्याचा, घोळ सावरून वाकले आणि शोधायला लागले. ड्रायव्हरही लागला. चांगली पाच मिनिटं शोधल्यावर बाबांनी कंबर धरून विचारलं, “सोना है या चाँदी?”

अनघाने सगळं समजावून सांगितलं. बाबांनी लॉनवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि जरा नाराजच झाले.

“इतना बड़ा लॉन है, और सिर्फ़ इक्कीस? सौ ले जाओ!”

* * *

ज्यांना वाटतं की इथे फक्त ऊन, त्यांनी आमच्या लॉनला विचारावं. उन्हाळ्यात हरळी मजेत असते. तिचे हाल होतात ते थंडीत. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, सकाळी स्वेटर लागतो, आणि हरळी गवताच्या गंजीसारखी पिवळी पडते. म्हणून पाऊस-थंडीच्या देशातल्या गवताचं बी मागवून ते ऑक्टोबरच्या शेवटी वरून मुठीने फोकायचं. ते उगवतं आणि मार्चपर्यंत लॉन हिरवं ठेवतं.

पहिल्या वर्षी ते बी फोकलं आणि तासाभरात दोह्यातल्या साऱ्या साळुंक्या जेवायला हजर! तात्यांनी बुजगावणं केलं. दोन काठ्या, कंपनीचा जुना युनिफॉर्म, चकाकणारं जॅकेट, वर हेल्मेट. दुपारी फादीचा मला फोन: “मॅडम, लॉनमध्ये तो कोण माणूस आहे? दोन तास बघतोय, हललेला नाही! त्याला कामाला लावा.”

मी तात्यांना निरोप दिला. ते म्हणाले, “सायबास्नी सांगा, आज फकस्त त्योच काम करतोय. जेवायलासुदिक ग्येला न्हाई.”

ओवीने एकदा ती पिवळी हरळी पाहून विचारलं होतं, “तात्या, इज इट डेड?” पोरगी मराठी समजते सगळं, बोलते इंग्लिश. तात्यांना इंग्लिश येत नाही, पण प्रश्न कळला.

“मरतीया कशाला? निजलीया. थंडी सरली की उठंल. तवर ही धाकली वरनं राखन करतीया,” आणि त्यांनी नव्या बारीक हिरव्या पात्यांवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी लॉनच्या कडेला पुठ्ठ्याची पाटी लागली होती, ओवीच्या अक्षरात: ‘शूऽऽ! ग्रास स्लीपिंग.’ मी ती काढणार होते, पण बाबांनी आधीच वाचली होती. त्या शुक्रवारी त्यांचे चार दांडगे नातू फुटबॉल घेऊन आले. थोड्या वेळाने खिडकीतून बघते तर चौघेही बॉल काखेत धरून, चवड्यांवर, लॉनच्या कडेकडेने चाललेत, आणि पुढे ओठांवर बोट ठेवून आजोबा!

* * *

आता तो कागद.

मागच्या वर्षी बियाण्याच्या सप्लायरने कागदपत्रं पाठवायला उशीर केला. कंटेनर हमद पोर्टला येऊन थांबला आणि बी आमच्या हातात पडलं ते डिसेंबर अर्धा उलटल्यावर. तात्यांनी फोकलं, पण थंडी पडली होती. जानेवारी लागला तरी लॉन पिवळंच, त्यावर नुसती कुठेकुठे हिरवी लव. लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या. रजिस्टरचं पान भरलं आणि ‘काय कारवाई केली’च्या रकान्यात मला लिहायला काही नव्हतं.

फादीच्या मनात वाईट काही नव्हतं, हे आधी सांगते. त्याने पाण्याचा, टँकरचा, बियाण्याच्या कटकटीचा विचार करून प्लास्टिकच्या गवताचा प्रस्ताव लिहिला. मी वाचला. आणि कबूल करते, मलाही तो पटला. रोजच्या तक्रारी खलास! मी माझी सही करून कागद पुढे सरकवला.

तात्यांना मीच सांगितलं.  ते म्हणाले, “माजं ऱ्हाऊ द्या, ताई. म्या जाईन गावाला. पर ही निजलीया. निजलेल्यावर प्लास्टिक घालायचं म्हंजी...” आणि वाक्य तसंच सोडून मोवर पुसायला लागले. मोवर आधीच लखलखीत होता. मला माझ्या सहीची इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

शेवटचा शब्द बाबांचा. पण बाबा थंडीत वाळवंटात तंबू ठोकून राहतात, ते गेले होते. फादीने ते यायच्या आत नमुना मांडून ठेवला. दोन मीटर बाय दोन मीटरचा प्लास्टिकच्या गवताचा तुकडा, पिवळ्या लॉनच्या कडेला, बाकाशेजारच्या फरशीवर. हिरवागार! येणारा-जाणारा आधी त्याच्याकडे बघायचा आणि मग आमच्या लॉनकडे, कीव केल्यासारखा.

तात्या रोज पहाटे नेहमीसारखे पाइप घेऊन निघायचे. सगळ्या लॉनला पाणी द्यायचे आणि परत जाताना त्या तुकड्यालाही द्यायचे. रोज. न चुकता. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्याने राहवेना.

“तात्या, प्लास्टिकला पाणी कशाला घालताय?”

“पावना हाय न्हवं दारात आलेला? पानी इचारल्याबिगर कसं चालंल?”

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. फादीला वाटलं, चिडवतायत. पण तात्यांच्या तोंडावर चेष्टा नव्हती, आणि राग तर मुळीच नव्हता.

आठव्या दिवशी सकाळी बाबा वाळवंटातून परत आले. फादी इस्त्रीचा शर्ट घालून, फाईल घेऊन तयार. मी शेजारी. तात्या नुकतंच पाणी देऊन बाजूला उभे होते, हातात पाइप तसाच. प्लास्टिकवरून ओघळलेल्या पाण्याचं फरशीवर छोटं तळं साचलं होतं. बाबांचा वहाणेतला पाय नेमका त्यातच पडला.

“ये पानी किसने डाला?”

“मैंने, बाबा,” तात्या पुढे आले. “ये मेहमान है. पानी पूछना पड़ता है.”

बाबांनी तात्यांकडे बघितलं. मग तुकड्याकडे. मग वाकून त्यावर हात फिरवला, बोटं एकमेकांवर चोळली.

“कितने दिन हुए?”

“आठ,” फादी म्हणाला.

बाबांनी हाताची तीन बोटं वर केली आणि फादीसमोर धरली.  फादीही या कंपाउंडमध्ये तीन वर्षं काढलेला, कामापुरती हिंदी शिकलेला माणूस. त्याने सहा नंबरच्या खिचडीची गोष्ट ऐकली होती. त्याचा चेहरा एकदम उजळला.

“हाँ बाबा! तीन दिन मेहमान. चौथे दिन से तो घर का हो गया ना?”

 तात्यांनी मान खाली घातली.

बाबा उभे राहिले. ओली वहाण झटकली, दुसरीही काढली, दोन्ही हातात घेतल्या आणि अनवाणी पिवळ्या लॉनवरून घराकडे निघाले. चारपाच पावलांवर थांबले, मागे वळले, आणि फरशीवरच्या त्या तळ्याकडे वहाणेनेच खूण केली.

“घर का होता, फादी, तो पानी पीता!”